आधी पाटी धरा, मग वही: जाणत्यांकडून निसर्गाचं ज्ञान शिकून घेण्याची रीत

गणपतीला गावी आलेला नातू पडवीत बसलेल्या आजोबांसमोर मोबाइल धरतो आणि म्हणतो, “आजोबा, तुम्हाला झाडांबद्दल, समुद्राबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं सांगा.” आजोबा दहा मिनिटं काहीबाही बोलतात. मग चहा येतो, मग आरतीची वेळ होते. दोन वर्षांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं की त्यात आजोबांचा खोकला, शेजारची भजनं आणि “पाणी बघून कळता रे” एवढं एक वाक्य सापडतं.

माझ्याकडे असं तीन तासांचं रेकॉर्डिंग आहे. आजोंचं. त्यातून मला आजवर एकही काम करता आलेलं नाही. त्यांना सांगता येत नव्हतं असं नाही. माझी विचारण्याची जागा, वेळ आणि क्रम, तिन्ही चुकलं होतं. पुढे आतेबरोबर खाडीवर गेलो तेव्हा शिकायचं कसं ते कळलं. ती रीत इथे टप्प्याटप्प्याने लिहितो. उदाहरणं सिंधुदुर्गाकडची जास्त आहेत, पण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही क्रम हाच ठेवा.

## पूर्वतयारी: निदान एक महिना आधी

विषय लहान करा. “रानभाज्या” हा विषय मोठा आहे. “भारंगी कोवळी कधी खुडायची आणि तिचा कडूपणा कसा काढायचा” हा विषय बरोबर. “मासेमारी” नको, “आमच्या खाडीत कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला कुठल्या तिथीला, किती वाजता उतरायचं” हे घ्या. एका वर्षात असे दोन विषय पुरे. तिसरा घेतलात की पहिले दोन अर्धवट राहतात.

हंगाम आधी, सुट्टी नंतर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण आपल्या रजेप्रमाणे जातो आणि गणपतीत शेवळं विचारतो. शेवळं रोहिणी सरता-सरता, पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येतात आणि थोड्या दिवसांत संपतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी मृगानंतर. चढणीचे मासे (पावसाच्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) पहिल्या जोरदार पावसात, तेही रात्रीचे. करांदे खणायचे ते वेल सुकल्यावर, थंडीच्या तोंडावर. कालवं-तिसऱ्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर. आधी गावातल्या कुणाला तरी फोन करून हंगाम विचारा आणि मग रजेचा अर्ज टाका.

माणूस निवडताना वय बघू नका, पाय बघा. सगळ्यात म्हातारा माणूस जाणता असतोच असं नाही. वीस वर्षं तो खाडीत उतरलेला नसेल तर तो आठवणी सांगेल, आणि आठवणीतली खाडी गाळाने कधीच बदललेली असते. आजही जो आठवड्यातून दोनदा तिथे जातो तो शोधा, मग तो पंचेचाळिशीचा का असेना. कालवं, तिसऱ्या, रानभाज्या हे बहुतेक ठिकाणी बायकांचं काम. तरी आपण गावात जाऊन पहिला प्रश्न पुरुषांना विचारतो आणि मग पुरुष ऐकीव सांगतात. सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत आणि पाणवठे गुराख्याला विचारा, जाळ्याचं गाबीत-कोळ्यांना, कवळ (जाळायच्या पानांच्या डहाळ्या) तोडण्याचं ज्याने स्वतः भाजावळ, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजणं, केली आहे त्याला.

सामान. छोटी वही, शिसपेन्सिल (पेनाची शाई पहिल्या सरीत पसरते), दोरा, कागदाच्या चिठ्ठ्या, तिथी असलेलं कॅलेंडर, एक सरळ काठी. पायात जुने बंद बूट, कारण कालवांच्या धारदार कडा चपलेतून तळवा कापतात. मोबाइल न्या, पण तो चौथ्या टप्प्यापर्यंत खिशात.

> निघण्यापूर्वी तपासा: कुठला विषय, कुठला पंधरवडा, कुठला माणूस, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर अजून निघू नका.

## टप्पा १: विचारणं

थेट “शिकवा” म्हणू नका. “उद्या जाताय तर मी येऊ का बरोबर, पाटी धरायला?” असं विचारा. शिकवा म्हटलं की समोरचा माणूस अवघडतो, त्याला वाटतं आता शाळेसारखं बोलायला हवं. पाटी, म्हणजे टोपली, धरायला माणूस हवाच असतो.

त्याच वेळी खरं कारणही सांगून टाका: मला हे शिकायचंय, घरासाठी लिहून ठेवायचंय. इंटरनेटवर टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच बोला. पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न लोक मला विचारतात. नात्यातल्या माणसाला पैसे पुढे केलेत तर तो दुखावेल. पण बाहेरच्या माणसाचा दिवस तुमच्यामुळे मोडणार असेल तर त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये, एवढं बघा.

## टप्पा २: पहिली खेप, तोंड बंद

पहिल्या दिवशी फक्त ओझं वाहा आणि बघा. मी पहिल्याच दिवशी मोबाइल काढला तेव्हा आते म्हणाली, “तो मोबाईल खिशात घाल आणि ही पाटी धर.” हात गुंतल्यावर डोळे मोकळे झाले.

काय बघायचं? माणूस वाटेत थांबतो कुठे, वाकतो कुठे, आणि मुख्य म्हणजे काय सोडून देतो. दहा कालवं दिसत असताना सहाच काढली, चार का ठेवली? भारंगीच्या एका झुडपाची पानं खुडली, शेजारचं तसंच ठेवलं. का? हे त्या वेळी विचारू नका, लक्षात ठेवा. काय घ्यायचं ते पुस्तकातही मिळेल. काय सोडायचं ते बहुधा फक्त या माणसाकडेच आहे, आणि ते त्याला स्वतःला सांगावंसं सुचणार नाही, इतकं ते त्याच्या हातात मुरलेलं असतं.

> नेहमीची चूक: पहिल्या खेपेला मुलांचा, मित्रांचा गोतावळा नेणं. चौघं गेलात की ती सहल होते.

## टप्पा ३: दुसरी खेप, प्रश्न

आता विचारा, पण प्रश्न समोरच्या वस्तूला चिकटून असू द्या. “रानभाज्या कशा ओळखायच्या?” याचं उत्तर “बघून” असंच येणार. त्याऐवजी:

- हे पान घेतलं आणि ते का नाही घेतलं?
- ही आठ दिवसांनी बघितली तर कशी दिसेल?
- हिच्यासारखी दिसणारी पण न खाण्याजोगी कुठली?
- यंदा हे नेहमीपेक्षा लवकर आलं की उशिरा? कशावरून?
- हे करताना तुमचं कधी चुकलं होतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. बरोबर कसं करायचं ते माणूस दोन वाक्यांत संपवतो, पण फसगत रंगवून सांगतो, आणि त्यातच खुणा सापडतात.

नाव विचाराल तेव्हा त्या गावचंच नाव जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. टाकळा गोव्याकडे तायकिळो होतो, फोडशीला कुठे कुलू म्हणतात. एका गावातल्या तिसऱ्या दुसऱ्या गावात शिवल्या होतात. उलटही होतं: एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या झाडांना असतं, आणि धोका तिथेच. नावावरून भाजी कधीही ओळखू नका, झाडावरून ओळखा.

## टप्पा ४: त्याच रात्रीची वही

झोपण्यापूर्वी लिहा. दुसऱ्या दिवशी निम्मं उडालेलं असतं. प्रत्येक नोंदीत इतकं हवंच: तारीख आणि तिथी, नक्षत्र, आधीच्या दोन दिवसांचा पाऊस, जागा (सडा, मळा, खाजण म्हणजे खाडीलगतची खारी जमीन, राई, खाडीचा कुठला काठ), कोणी दाखवलं, त्यांनी वापरलेले शब्द आणि काय सोडलं.

ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळ्या पानांवर ठेवा. डाव्या पानावर “सांगितलं”, उजव्या पानावर “मी पाहिलं”. तिसराही एक प्रकार आहे, तो या दोन्हींत मिसळू देऊ नका: पंचांगातलं. “यंदा मृगाचं वाहन बेडूक, म्हणजे पाऊस बरा” हे छापील पंचांगातून आलं. ते आजोबांनी सांगितलं म्हणून आजोबांचं निरीक्षण होत नाही. “नवरंग ओरडायला लागला की आमच्याकडे पंधरा दिवसांत पाऊस येतो” हे मात्र निरीक्षण, आणि ते दरवर्षी तारखा लिहून तपासता येतं. माझ्या अनुभवात निम्म्या वह्या या सरमिसळीने वाया जातात.

मोबाइल आता काढा. झाडाचे फोटो काढाल तेव्हा पान पुढून, पान मागून, खोडाला पान जिथे फुटतं ती जागा आणि पूर्ण झाड, असे चार काढा. नुसता पानाचा फोटो निरुपयोगी. आवाज रेकॉर्ड करायचा तर आजच्याच कामाबद्दल, पाच मिनिटं, घरात बसून. वाऱ्यात नको.

> सावधान: औषधी मुळ्यांचं प्रमाण वहीत आलं म्हणून घरी करून बघू नका. आणि साप चावल्यावरचा उतारा ही फक्त जुनी रीत म्हणून लिहून ठेवायची गोष्ट. प्रत्यक्ष वेळ आली तर थेट दवाखाना गाठा.

## टप्पा ५: पडताळा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. वडीलधाऱ्यांचं तपासायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास, असं वाटतं. पण जाणता माणूस स्वतः रोज तपासतच असतो, आपण ते बघत नाही इतकंच.

भरतीच्या हिशोबाचं उदाहरण घेऊ, कारण ते कोकणात सगळीकडे सांगितलं जातं आणि बहुतेक जण अर्धवट सांगतात.

नियम असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीन वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर.

आता हे वहीत लिहून मोकळं झालात तर फसाल. चार गोष्टी जोडाव्या लागतात.

एक, नियमात एक सांधा आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. एका दिवसात दीड तास? भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पंधरा तिथींत बारा तास पुरे व्हायचे तर तिथीमागे ४८ मिनिटं हवीत, आणि आपण तोंडी हिशोबाला सोपी म्हणून ४५ धरतो. रोजची तीन-तीन मिनिटं साचत जातात. म्हणून पक्षाच्या शेवटी हिशोबापेक्षा पाणी उशिरा येतं असं धरून चाला. आतेला हे गणित माहीत नव्हतं, पण “एकादशीनंतर अर्धा तास वाढवचो” हे माहीत होतं.

दोन, तिथी कुठली धरायची? कॅलेंडरवर सूर्योदयाची तिथी असते. क्षयतिथी आली की हिशोब एकदम उडी मारतो, पाणी मात्र उडी मारत नाही. अशा वेळी कालच्या प्रत्यक्ष भरतीत पाऊण-एक तास मिळवा.

तीन, वेळ सांगितली तरी पाणी किती आटेल ते सांगितलेलं नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. दुपारी बाराला ओहोटी असली तरी कालवांचे खडक उघडे पडतीलच असं नाही. उधाणाचं पाणी अमावास्या-पौर्णिमेचं, आणि खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी. तेव्हा भरती बारा-दीडच्या सुमारास, म्हणजे पाणी पार खाली जातं ते सकाळी आणि संध्याकाळी सहा ते साडेसात. पहाटे बायका पाट्या घेऊन खाडीकडे निघालेल्या दिसतात त्या याच दिवसांत.

चार, जागा. हा हिशोब समुद्राच्या तोंडाशी लागू. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते प्रत्येक खाडीचं वेगळं, आणि तेच तुमच्या गावचं खरं ज्ञान.

म्हणून पडताळा असा करा. भरतीच्या काठाजवळ, चिखल घट्ट असेल तिथे काठी रोवा. भरतीचं पाणी काठीवर जिथे थांबलं तिथे दोरा बांधा आणि वेळ लिहा. एक पंधरवडा, रोज एकदा. शेजारी नियमाने आलेली वेळ लिहा आणि जवळच्या बंदराची छापील भरती-ओहोटीची वेळही लिहा. भारतीय सर्वेक्षण विभाग ही कोष्टकं प्रसिद्ध करतो. तीन आकडे समोर आले की तुमच्या काठाचा फरक आपोआप दिसतो. आमच्या काठावर तो जवळजवळ चाळीस मिनिटांचा निघाला.

> सावधान: नव्या जागी पहिल्यांदा उतरताना ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की निघा. खाडीचं पाणी समोरून येत नाही, मागच्या पन्हळीतून आधी भरतं आणि परतीची वाट तोडतं. आते मला काठावर उभं करून सांगायची, “पाणी फिरला की माका सांग.” ते काम नवख्याला देण्यामागे शिकवणं होतं, हे मला उशिरा कळलं.

खाण्याच्या बाबतीत पडताळा आणखी कडक. शेवळात खाज असते, म्हणून रायगड-ठाण्याकडे आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडाची फळं किंवा दुसरं आंबट घालून शिजवतात. ही कृती ऐकून नाही, दोनदा शेजारी उभं राहून शिका. एकदा कुणीतरी “चिंच घातली की झालं” एवढंच सांगितलं होतं, तर अख्ख्या घराचे घसे दोन दिवस धरले होते. करांद्यांत कडू जात असते, ती नुसती उकडून चालत नाही. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी फेकायचं. अळंबी तर दोन वेगवेगळ्या जाणत्यांनी प्रत्यक्ष हातात घेऊन “ही खातात” म्हटल्याशिवाय घरात आणू नये. फोटोवरून तर मुळीच नाही, अॅपवरूनही नाही.

दोन जाणत्यांचं पटलं नाही तर एकाला खोटं पाडू नका. दोघांना एकत्र त्या जागेवर न्या. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात: एकाचा काठ खारा, दुसऱ्याचा गोड्या पाण्याजवळचा.

## टप्पा ६: उलटी परीक्षा

आता तुम्ही पुढे, जाणता मागे. तिथी बघून वेळ तुम्ही सांगायची, वाट तुम्ही काढायची, भाजी तुम्ही खुडायची. त्यांनी फक्त चूक झाली तर टोकायचं. आते घरातून निघण्यापूर्वी विचारायची, “आज तिथ काय? मगे जावया काय?” मी पंचमी म्हटलं आणि पावणेचारची भरती सांगितली, तर ती नुसती पायरीवर बसून राहिली. पंचमी सकाळीच संपली होती.

इथे चुकायला लाजू नका. तुमची चूक बघून जाणत्याला जे आठवतं ते साध्या प्रश्नाने कधीच आठवलं नसतं.

> तपासा: लागोपाठ तीन खेपा त्यांना टोकावं लागलं नाही, तर तो विषय तुम्हाला आला. दोनदा टोकलं तर पुढच्या हंगामात पुन्हा. वही भरली म्हणजे विषय आला असं नाही.

## टप्पा ७: लिहायचं काय, झाकायचं काय

सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. वहीचे दोन भाग करा. घरच्या भागात जागा, वाटा, झाडं. बाहेर दाखवायच्या भागात कृती आणि काळजी, पण जागा नाही. एखाद्या दुर्मीळ कंदाची नेमकी जागा फोटोसकट पसरली की पुढच्या पावसात तिथे खड्डे दिसतात.

देवराहाटीतलं (देवासाठी राखलेल्या रानातलं) काही लिहायचं तर आधी गावकर-मानकऱ्यांना विचारा. तिथे कोयती चालत नाही, आणि काही ठिकाणी वहीही चालत नाही. नाही म्हणाले तर विषय सोडा.

जुनी माहिती आज करण्याजोगी असेलच असंही नाही. कासवाची अंडी कशी शोधायची हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना अचूक माहीत असतं, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी काढणं गुन्हा आहे. म्हणून ती माहिती फेकून देऊ नका. वाळूवरची कासविणीची पावलं ओळखणारी नजरच मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घरटी राखायच्या कामी आली. वहीत शेजारी स्पष्ट लिहा: ओळखण्यासाठी, काढण्यासाठी नाही. चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. तिथे घरचे जुने लोक घरापुरतं धरून बाकीचे वर जाऊ द्यायचे का, हे मुद्दाम विचारा. एक जूनपासूनच्या यांत्रिक बोटींच्या बंदीच्या काळात काय चालतं आणि काय नाही, तेही गावच्या सोसायटीत विचारून लिहा.

ग्रामपंचायतीत २००२च्या जैविक विविधता कायद्याखाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती मागून बघा. कित्येकदा ती शेजारच्या तालुक्याची नक्कल वाटते, तुमच्या गावात नसलेली झाडं तिच्यात सापडतात. दुरुस्ती सुचवा, पण ज्यांच्याकडून शिकलात त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं ज्ञान तिथे उतरवू नका.

## टप्पा ८: खालच्या हातात

वही पूर्ण झाल्यावर नाही, उलटी परीक्षा चालू असतानाच घरातलं एक मूल बरोबर घ्या. जाणता मागे, तुम्ही मध्ये, मूल पुढे. तुम्ही मुलाला सांगताना चुकलात तर जाणता तिथेच दुरुस्त करतो. तो गेल्यावर ही सोय राहत नाही.

मुलाला एकच काम द्या, आणि ते खरं असू द्या. दहा वर्षांच्या पोराला “निसर्गावर प्रेम कर” सांगून काही होत नाही. काठीवरचा दोरा बदलायचं काम दिलंत तर तो पंधरा दिवस चुकत नाही. आमच्याकडे भाचीकडे ते काम होतं. अकराव्या दिवशी तिने दोऱ्यावरून सांगितलं की आज पाणी कालच्यापेक्षा बोटभर वर गेलं, म्हणजे भांग सरला. आतेने कॅलेंडर मागितलं, दशमी होती, आणि तिने मला परवा पहाटेसाठी पाटी धुऊन ठेवायला सांगितलं.